लोकलने रोज नेता येईल आणि नजरेत भरणार नाही, अशी आपत्कालीन सामानाची बॅग कोणती घ्यावी?

२० लिटरची साधी काळी किंवा राखाडी ऑफिस सॅक घ्या. लष्करी रंग आणि बाहेर लोंबणारे पट्टे टाळा, गर्दीत अडकतात. कापड ५०० डेनियर (धाग्याच्या जाडीचं माप) नायलॉनचं पुरतं. बॅगा बहुधा कापडात फाटत नाहीत. खांद्याचा पट्टा जिथे शिवलेला असतो तिथे उसवतात किंवा चेन जाते. म्हणून तिथली शिवण चौकोनात फुली मारलेली, दुहेरी हवी, चेन ८ किंवा १० नंबरची (नंबर मोठा तितकी चेन जाड).

‘वॉटरप्रूफ’ शब्दावर विसंबू नका. कापडाला आतून दिलेला पीयू (पॉलियुरेथेन) हा पाणी अडवणारा थर दमट हवेत काही वर्षांत चिकट होऊन सुटतो, पाणी शिवणीतूनही शिरतं. औषधं, पॉवर बँक, टॉर्च, कागदपत्रांच्या प्रती आणि सुटे पैसे रोल-टॉप ड्राय बॅगमध्येच (तोंड गुंडाळून बंद करायची, पाणी न शिरणारी पिशवी) ठेवा. पाण्याची बाटली मात्र ड्राय बॅगच्या बाहेर.