'शॅडोव्हर्स: वर्ल्ड्स बियाँड' खेळायला घ्यावा का? लोक त्याला इतकी नावं का ठेवतात?

तुम्ही विचारलंय की चित्रं बघून गेम डाउनलोड करावासा वाटतोय, पण अभिप्राय उघडले की निम्मे लोक शिव्या घालताना दिसतात आणि उरलेले निम्मे म्हणतात याच्यासारखा कार्ड गेम नाही. मग ऐकायचं कोणाचं?

दोघांचंही ऐका, कारण ते एकाच गोष्टीबद्दल बोलत नाहीत. डाव सुरू झाल्यावर काय होतं याबद्दल बोलणारे बहुतेक खूश आहेत. डाव सुरू करण्याआधी हातात कार्डं कशी येतात याबद्दल बोलणारे चिडलेले आहेत. कोणताही अभिप्राय वाचताना आधी एवढं बघा की हा माणूस डावावर बोलतोय की कार्डांच्या पाकिटांवर (कार्डं गेममध्ये अशा बंद पाकिटांतून मिळतात). निम्मा गोंधळ तिथेच मिटेल.

मी जुना शॅडोव्हर्स बरीच वर्षं खेळलो आणि नवा आल्यापासून नवा खेळतोय, त्यामुळे थोडी पार्श्वभूमी सांगतो. जुना गेम जपानच्या सायगेम्सने जून २०१६मध्ये मोबाइलवर आणला. त्याआधी २०११पासून त्यांचा 'रेज ऑफ बाहामूत' होता आणि सुरुवातीची बरीच चित्रं तिथूनच आली. 'हार्थस्टोन' हा कार्ड गेम तेव्हा जोरात होता, आणि लीडरचे, म्हणजे खेळाडूच्या पात्राचे, ठरावीक जीव, कार्डं खेळायला लागणारे आणि दर पाळीला एक-एक वाढणारे पॉइंट, टेबलावर उतरणारे शिपाई हा साचा पाहून लोकांनी याला 'अॅनिमेवाला हार्थस्टोन' म्हणून निकालात काढलं होतं. पण हार्थस्टोनमध्ये नशिबावर चालणारी कार्डं खूप होती, इथे त्यामानाने कमी. हरलात तर का हरलात ते बहुतेक वेळा समजायचं. शिवाय कंपनी पाकिटं मोकळ्या हाताने वाटायची. २०१८च्या जागतिक स्पर्धेत पहिलं बक्षीस १० लाख डॉलरच्या घरात होतं, यावरून जपानात हा गेम किती मोठा झाला होता ते कळेल. दुसरा भाग, म्हणजे 'वर्ल्ड्स बियाँड', आधी २०२४मध्ये येणार होता, लांबत लांबत १७ जून २०२५ला आला. एवढी वाट पाहिलेले लोक पहिल्याच आठवड्यात चिडले, म्हणून अभिप्राय इतके तिखट आहेत.

आता डावाकडे येऊ, कारण मला स्वतःला तोच भाग जास्त आवडतो.

४० कार्डांचा डेक, एक कार्ड जास्तीत जास्त तीनदा. टेबलावर उतरवलेला फॉलोअर, म्हणजे शिपाई, साधारणपणे पुढच्या पाळीपर्यंत हल्ला न करता थांबून राहतो. खरी गंमत 'इव्हॉल्व्ह' करण्यात आहे. ठरावीक पाळीनंतर तुम्ही एखाद्या फॉलोअरला बढती देता, सहसा त्याची ताकद आणि जीव दोन्ही दोनाने वाढतात, आणि तो त्याच पाळीत समोरच्या फॉलोअरवर तुटून पडू शकतो. नव्या भागात याच्यावर 'सुपर इव्हॉल्व्ह' आलं. दोन्ही खेळाडूंना साधे दोन आणि सुपरचे दोन पॉइंट मिळतात, एका पाळीत एकच वापरता येतो.

समजा तुम्ही दुसऱ्या नंबरला खेळताय आणि सहावी पाळी आहे. समोर पाच-पाचचा (ताकद पाच, जीव पाच) एक दांडगा फॉलोअर वाट अडवून उभा आहे. वॉर्ड असलेला, म्हणजे त्याला बाजूला केल्याशिवाय समोरच्या लीडरला हात लावता येत नाही. तुम्ही चार पॉइंटांचा एक तीन-तीनचा फॉलोअर उतरवता आणि त्याला सुपर इव्हॉल्व्ह करता. सुपरमध्ये वाढ दोनाऐवजी तीनाची, म्हणून तो होतो सहा-सहा. त्याच पाळीत त्या वॉर्डवर धाव घेतो, त्याला संपवतो, आणि सुपर इव्हॉल्व्ह झालेला फॉलोअर स्वतःच्या पाळीत जखमी होत नसल्यामुळे पूर्ण सहा जीवांसह उभा राहतो. वर फॉलोअर मारला म्हणून समोरच्या लीडरचाही एक जीव जातो. हातात अजून दोन पॉइंट शिल्लक, आणि राखून ठेवलेला जादाचा एक पॉइंट आत्ता वापरलात तर तीन. एका पाळीत टेबल उलटं झालं! पण हे चिलखत फक्त तुमच्या पाळीपुरतं असतं. समोरच्याची पाळी आली की तो नुसता सहा-सहाचा फॉलोअर, आणि त्याच्याकडेही सुपरचे पॉइंट असतातच. म्हणून हे दोन पॉइंट कधी खर्च करायचे यावर निम्मा डाव ठरतो. घाईने सहाव्या-सातव्या पाळीत दोन्ही उडवणारा नवव्या पाळीत रडतो.

वर जो जादाचा पॉइंट म्हटला, तो एका जुन्या भांडणावरचा तोडगा आहे. कार्डं वाटून झाली की उतारी कोणाची यावरच निकाल ठरतो, ही जुन्या शॅडोव्हर्सबद्दलची सगळ्यात मोठी तक्रार होती. पहिला खेळणारा कायम एक पाऊल पुढे. दुसऱ्याला भरपाई म्हणून एक इव्हॉल्व्ह पॉइंट जास्त आणि तोही एक पाळी आधी वापरायची मुभा होती, तरी कित्येक डेकांना ती पुरायची नाही. नव्या भागात दुसऱ्याला पाचव्या पाळीपर्यंत एकदा आणि सहाव्यापासून पुढे एकदा, असा एक पॉइंट उसना मिळतो. तो कधी वापरायचा हे तुमच्या हातात. माझ्या मते या भागातली ही सगळ्यात हुशारीची सुधारणा आहे आणि तिच्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही, कारण लोक पाकिटांवर भांडण्यात गुंतलेले आहेत.

तर पाकिटं. एका पाकिटात आठ कार्डं. दर्जे चार: ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, लेजंडरी. जुन्या गेममध्ये लेजंडरी निघण्याची शक्यता दर कार्डाला दीड टक्का, म्हणजे साधारण आठ-नऊ पाकिटांत एक. आणि गट, म्हणजे 'क्लास', पुढे आठ झाले होते, त्यामुळे निघालेली लेजंडरी तुमच्या क्लासची असेलच असं नाही. तरी लोक चिडायचे नाहीत, कारण नको असलेलं कार्ड वितळवून व्हायल मिळायच्या आणि त्या व्हायलमधून हवं ते कार्ड बनवता यायचं. भाव असा: लेजंडरी वितळवली तर १०००, बनवायची असेल तर ३५००. भाव नक्कीच महाग आहे, पण आकडेमोड करता येते. एखाद्या डेकला तीन लेजंडरींच्या तीन-तीन प्रती लागत असतील तर ३१,५०० व्हायल. नवा खेळाडू काय करायचा, सुरुवातीला फुकट मिळालेली पाकिटं फोडायची, एक क्लास निवडायचा, बाकीच्या सात क्लासांची कार्डं डोळे झाकून वितळवायची आणि पहिल्या आठवड्यातच एक धड डेक उभा करायचा. सगळ्या मार्गदर्शक लेखांत हाच सल्ला असायचा.

नव्या गेमने हाच रस्ता बंद केला. सुरुवातीच्या नियमानुसार एखाद्या कार्डाच्या तीनपेक्षा जास्त प्रती असतील तरच जादाची प्रत वितळवता येत होती. म्हणजे तुम्हाला ड्रॅगन हा क्लास खेळायचाच नाही, तरी ड्रॅगनची लेजंडरी पेटीत पडून राहणार. यामागचा विचार मला समजतो: खेळाडूंनी कार्डं जपून ठेवावीत, हळूहळू सगळे क्लास खेळावेत. जो रोज खेळतो त्याच्यासाठी वर्षभराने ते खरंही ठरेल. पण नव्या माणसाला वर्षभराने नको असतं, त्याला या शनिवारी एक पूर्ण डेक हवा असतो. दहा पाकिटांत एक लेजंडरी नक्की मिळण्याची हमी नव्या गेमने दिली, पण ती हमी 'कोणती' लेजंडरी याची नाही. जुन्या खेळाडूंना तर हे फारच लागलं, कारण त्यांना उदार शॅडोव्हर्सची सवय होती. हार्थस्टोनने हेच केलं असतं तर लोकांनी खांदे उडवले असते. इथे मात्र आपल्याच घरातल्या माणसाने हात आखडता घेतल्यासारखं झालं.

पैसे घालावेत का, हेही लोक विचारतात. माझं मत स्पष्ट आहे: पाकिटांवर घालू नका. नशिबावर पैसे लावले की हवी ती गोष्ट मिळेपर्यंत थांबवत नाही, हा या सगळ्याच गेमचा स्वभाव आहे.

आता डावाबद्दलच्या तक्रारी, कारण त्याही आहेत. एक म्हणजे शेवटचा घाव फार अचानक येतो. फॉरेस्टक्राफ्ट क्लासचं ऱ्हायनोसरोच हे कार्ड याचं जुनं उदाहरण. दिसायला दोन पॉइंटांचा किडा, उतरल्या उतरल्या थेट लीडरवर हल्ला करू शकतो, आणि त्या पाळीत आधी जितकी कार्डं खेळलात तितकी त्याची ताकद वाढते. स्वस्त परी एकामागून एक फेकायच्या, मग हा किडा, त्याला परत हातात घ्यायचं, पुन्हा उतरवायचं. समोरचा चौदा जीवांवर निवांत बसलेला असतो आणि एका पाळीत संपतो. नव्या गेममध्येही हा किडा आला आणि पहिल्याच दिवसापासून त्याचा डेक धुमाकूळ घालत होता. ज्याला तो खेळता येतो त्याच्यासाठी हे सुंदर गणित आहे, कारण कार्डांचा क्रम एका जागी चुकला तरी दोन जीव कमी पडतात. ज्याच्यावर खेळला जातो त्याला वाटतं, मी इतका वेळ टेबल सांभाळलं ते कशासाठी? समोरच्याच्या पाळीत तुम्हाला काहीच करता येत नाही, नुसतं बघत बसावं लागतं. 'यू-गी-ओ मास्टर ड्युएल' या दुसऱ्या कार्ड गेममध्ये निदान मध्येच अडवता येतं. पण तिथे समोरच्याची एक पाळी संपेपर्यंत चहा करून होतो, त्यामुळे मी तरी इकडेच बरा.

दुसरी तक्रार जुन्या खेळाडूंची आहे: शॅडोक्राफ्ट आणि ब्लडक्राफ्ट एकत्र करून अॅबिसक्राफ्ट नावाचा एकच क्लास केला. एकाकडे मेलेल्यांना उठवण्याची मजा होती, दुसऱ्याकडे स्वतःचे जीव घालवून ताकद मिळवण्याची. आता दोन्ही एका डब्यात. तुम्ही नवे असाल तर तुम्हाला हे जाणवणारही नाही.

गेममध्येच शॅडोव्हर्स पार्क नावाचं एक आवार आहे, तिथे आपला अवतार घेऊन फिरायचं, इतरांना भेटायचं, वाटलं तर माहजाँग खेळायचं. काही जणांना ते फार आवडतं. मी तिथून पटकन डावाकडे पळतो.

चित्रं आणि आवाज यांबद्दल मात्र भांडण नाही. कार्ड इव्हॉल्व्ह झालं की चित्र बदलतं, बहुतेक पात्रांना स्वतःचा आवाज आहे, आणि सेटिंगमध्ये जाऊन आवाज जपानी ठेवा, फरक लगेच कळेल. मजकूर इंग्रजीत वाचावा लागतो, पण वाक्यं ठरावीक साच्यातली असतात, दोन-तीन दिवसांत सवय होते. काही स्त्रीपात्रांची चित्रं अशी आहेत की लोकलमध्ये शेजारी काका बसले असतील तर फोन जरा आपल्याकडे वळवून घ्यावा लागतो. हेडफोन लावा, एवढंच सुचवतो, कारण इव्हॉल्व्ह होताना मारलेली आरोळी डब्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाते.

तर घ्यावा का? रोज अर्धा तास काढून एकच क्लास नीट शिकायची तयारी असेल तर बिनधास्त घ्या, फुकट आहे. दर आठवड्याला वेगळा डेक करून बघायची हौस असेल, तर पैसे न घालता ती इथे भागणार नाही, आणि तुम्हीही दोन आठवड्यांत त्या शिव्या घालणाऱ्यांत सामील व्हाल. नुसती पात्रं आणि कथा हवी असेल, तर लोकांशी खेळायच्या भानगडीत न पडता जुन्या शॅडोव्हर्सवरचा 'चॅम्पियन्स बॅटल' हा निन्टेंडो स्विचवरचा गेम बघा. तिथे गोष्ट पुढे सरकते तशी कार्डं मिळत जातात.

सुरुवात स्वोर्डक्राफ्टने करा. शिपाई उतरवायचे, टेबल भरायचं, पुढे सरकायचं, एवढा सरळ क्लास आहे. टेबलावर पाचच जागा असतात, त्यामुळे सगळ्या भरून टाकल्या तर पुढचं चांगलं कार्ड हातातच अडकतं, हा पहिला धडा तिथे आपोआप मिळतो. फुकटची पाकिटं मिळतील तेव्हा सगळी एकदम फोडा, पण कार्डं बनवायची घाई करू नका. कार्डांचा नवा संच येऊन दोन-तीन आठवडे झाले की कोणता डेक टिकतो ते दिसतं. तोवर जे हातात आहे त्याने रँकच्या सामन्यांत खेळा, खालच्या पायऱ्यांवर समोरचाही तुमच्यासारखाच नवा असतो.