विद्यार्थ्यांनी केलेल्या हॉरर-थ्रिलर फिल्मच्या ओपनिंगला गुण कसे द्यावेत?

तुम्ही लिहिलंय की वाशीच्या कॉलेजात मास मीडियाच्या मुलांनी हॉरर आणि थ्रिलरची दोन-दोन मिनिटांची ओपनिंग, म्हणजे फिल्मची सुरुवात, केली आहेत, गट 14 आहेत, 50 पैकी गुण द्यायचेत, आणि ‘भीती वाटली की नाही’ याच्यापलीकडे निकष सुचत नाही. तो निकष बाजूलाच ठेवा. आवाज एकदम वाढवला की कोणीही दचकतं. प्रेक्षकाला कुठली गोष्ट कधी कळू द्यायची आणि कुठली दाबून ठेवायची, हे मुलांनी ठरवून केलंय का, ते बघायचं.

आधी फाइलचं बघा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली क्लिप तपासायला घेऊ नका. पाठवताना फाइल दाबून लहान केली जाते, त्या कॉम्प्रेशनचा पहिला फटका अंधाराला बसतो, काळ्या भागात चौकोनी ठोकळे उठतात आणि दोष मुलांच्या माथी जातो. एडिटमधून निघालेली मूळ फाइल पेनड्राइव्हवर मागा. सेमिनार हॉलमध्ये ट्यूबलाइट चालू ठेवून प्रोजेक्टरवर तर मुळीच बघू नका, सावल्यांतलं सगळं धुऊन निघतं. खोली अंधारी करा, हेडफोन लावा आणि प्रत्येक फिल्म तीनदा बघा: एकदा सलग, हातात पेन न घेता; एकदा म्यूट करून; एकदा डोळे मिटून, फक्त आवाज. 14 गटांचे मिळून 84 मिनिटं होतात, एका दुपारचं काम आहे.

पहिला प्रश्न: हे ओपनिंग आहे का? निम्मे गट ट्रेलर तरी करतात, नाहीतर दोन मिनिटांत संपणारी शॉर्ट फिल्म. चार वेगवेगळ्या दिवसांचे तुकडे संगीतावर जोडले असतील तर तो ट्रेलर. भूत दिसलं, मुलगी मेली, पडदा काळा झाला, तर ती संपलेली गोष्ट. ओपनिंगमध्ये सहसा एक सलग प्रसंग असतो आणि शेवटी एक प्रश्न उघडा राहतो. दोन मिनिटं संपल्यावर तो प्रश्न तुम्हाला एका वाक्यात लिहिता आला पाहिजे. नाही आला तर माहितीच्या क्रमाला ठेवलेल्या गुणांपैकी निम्म्याहून जास्त देऊ नका, चित्रण कितीही देखणं असो.

हे जवळून बघू. समजा, एक मुलगी रात्री सिडकोच्या जुन्या बिल्डिंगचा जिना चढतेय. कानात इयरफोन. तिच्या घरातून टीव्हीचा आवाज येतोय. मग क्लोजअप: दाराला बाहेरून कुलूप. ती किल्ली लावते. इथे आपल्याला तिच्यापेक्षा जास्त माहीत आहे, त्यामुळे कुलूप उघडायला लागणारे चार सेकंदही लांबलचक वाटतात. हा थ्रिलरचा हिशोब झाला. तेच इयरफोन काढून टाका. ती कुलूप बघते, आवाज ऐकते, थबकते; तिला आणि आपल्याला एकाच वेळी कळतं आणि दोघांनाही कारण माहीत नसतं. हे हॉररकडे झुकतं. आता तिसरी मांडणी, जी तुम्हाला सर्वांत जास्त दिसेल: पहिल्याच शॉटमध्ये आत केस मोकळे सोडलेली बाई टीव्हीसमोर बसलेली दाखवायची आणि मग मुलगी जिना चढते. कुलपाचा शॉट तोच, पण त्यात आता काही उरलेलं नाही. कॅमेरा तोच, लोकेशन तेच, फक्त क्रम बदलला. गुण या क्रमाला द्यायचे. म्यूट करून बघताना दर 20 सेकंदांनी थांबवून ‘आता मला काय माहीत आहे’ असं लिहा. सलग तीन वेळा तेच उत्तर आलं तर मधला भाग भरतीचा आहे.

विद्यार्थ्यांच्या फिल्म पडतात त्या बहुतेक आवाजात, म्हणून इथे वेळ द्या. फोनवर रेकॉर्डिंग करताना ऑटो गेन (आवाजाची पातळी आपोआप वर-खाली करणारी सोय) चालू राहिला की संवाद थांबताच पंख्याची घरघर वर येते आणि बोलायला लागलं की खाली जाते. शांतता हवी तिथेच हा भाता चालतो, त्यामुळे ताण टिकत नाही. दुसरी खूण म्हणजे कटागणिक मागचा आवाज तुटणं: एका शॉटमध्ये फ्रिज आणि रस्ता, पुढच्यात शून्य. याचा अर्थ खोलीचा नुसता आवाज वेगळा टिपलेला नाही. प्रत्येक लोकेशनवर सगळ्यांनी गप्प राहून 30 ते 60 सेकंद रेकॉर्ड केले की एडिटमध्ये ही भोकं बुजवता येतात. रेल्वे स्टेशनजवळ शूट केलेल्या फिल्ममध्ये अनाउन्समेंट ऐका. शब्द मध्येच तुटून भलतंच वाक्य सुरू झालं तर वेगवेगळे टेक उघडे पडलेत.

मग फुकटच्या लायब्ररीतले आवाज. नेरुळच्या फ्लॅटचं फ्लश डोअर वाड्याच्या दिंडी दरवाजासारखं करकरत नाही. तिथे भीती आहे ती सेफ्टी डोअरच्या कडीत, लॉबीतल्या लिफ्टच्या थांबण्यात, वरच्या मजल्यावर सरकवलेल्या स्टुलात. खाडीकाठच्या दृश्यात कोल्हेकुई चालेल, नवी मुंबईच्या खारफुटीत सोनेरी कोल्हे खरोखर आहेत. परदेशी लांडग्याचं ओरडणं चालणार नाही. आवाज त्या जागेचा असेल तर मोकळ्या हाताने गुण द्या, मग तो फोनवर टिपलेला का असेना. दचकवणाऱ्या धक्क्याचा नियम साधा आहे: त्याच्या आधीचे काही सेकंद खरोखर शांत हवेत. सुरुवातीपासून ढणढण वाजत असेल तर धक्का द्यायला वर जागाच राहत नाही आणि आवाज फाटतो.

प्रकाशात एकच भेद नीट करा: अंधार आणि कमी एक्सपोजर, म्हणजे कॅमेऱ्यात पुरेसा उजेड न शिरणं. अंधाराच्या फ्रेममध्ये कुठेतरी उजेडाचा ठिपका असतो, जिन्यातला बल्ब, मोबाइलचा स्क्रीन, आणि त्याच्यामुळे काळ्याला खोली येते. कमी एक्सपोजरमध्ये सगळंच राखाडी-काळं असतं, एडिटमध्ये वर खेचलं की दाणे येतात, भिंतीवर रंगाचे पट्टे उमटतात. सरकणारे आडवे पट्टे हा वेगळा दोष. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, ट्यूब सेकंदाला 100 वेळा लुकलुकते. कॅमेऱ्याचं शटर 1/50 किंवा 1/100 सेकंदावर ठेवलं तर त्रास नाही, फोनने स्वतःहून 1/60 घेतलं की पट्टे दिसतात. आणि निळ्या फिल्टरने केलेली ‘रात्र’ ओळखायची असेल तर पायाखालची सावली बघा. कडक, काळी असेल तर शूट दुपारचं आहे. सूर्यास्तानंतरच्या वीस-पंचवीस मिनिटांत तेच दृश्य घेतलं असतं तर फिल्टर लागलाच नसता.

संकलनात शॉट मोजा. वेग कुठलाही चालेल, पण तो बदलला पाहिजे, आणि बदलण्याचं कारण गोष्टीत असलं पाहिजे. पाठलागात पळणारा डावीकडून उजवीकडे जात असताना पुढच्या शॉटमध्ये उलट आला तर माणूस परत फिरला असं वाटतं. तिथे गुण कापा.

टायटलमध्ये बहुतेक गट डायरी, कापलेले फोटो, खरवडलेली अक्षरं यांचे क्लोजअप लावतात. याचं मूळ 1995 च्या ‘सेव्हन’साठी काइल कूपर यांनी केलेल्या टायटल्समध्ये आहे. पण तिथे खुनी स्वतःच्या वह्या तयार करताना दिसतो, ते गोष्टीचंच अंग आहे. मुलांना विचारा, ही डायरी कोणाची? उत्तर नसेल तर ती सजावट. बाकी नाव वाचून होईल इतका वेळ पडद्यावर आहे का, जोडाक्षरं फुटलेली नाहीत ना, वापरलेल्या संगीताचा उल्लेख आहे का, एवढं पुरे.

50 ची विभागणी मी अशी करेन: माहितीचा क्रम 18, आवाज 12, प्रकाश आणि फ्रेम 10, संकलन 6, टायटल 4. कॅमेऱ्याला आणि गिम्बलला (कॅमेरा हलू न देणारा स्टँड) वेगळे गुण नकोत, नाहीतर ज्याच्या घरी महागडा मिररलेस कॅमेरा आहे तो गट आधीच पुढे जातो. दुसरे परीक्षक असतील तर आधी तीन फिल्म दोघांनी वेगवेगळ्या तपासा आणि आकडे जुळवा. पाचपेक्षा जास्त फरक पडला तर निकषांवर बोला, मगच पुढे जा. पहिल्या फिल्मला हात आखडता राहतो, म्हणून पाच झाल्यावर तिच्याकडे परत या.

ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलाचे किंवा स्टेशनचे शॉट असतील तर परवानगीचं पत्र मागून ठेवा. येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मोडतं आणि रेल्वेच्या हद्दीतही परवानगीशिवाय शूट करता येत नाही. गुणांशी याचा संबंध नाही, पण फेस्टिव्हलला दाखवायची वेळ आली की अडतं.

शेरा लिहिताना ‘आवाज सुधारा’ असं लिहू नका. ‘0:47 ला पंख्याचा आवाज तुटतो, 1:10 चा कुलपाचा शॉट दोन सेकंद आधी हवा’ असं लिहा. मुलं त्याच रात्री टाइमलाइन उघडून ती जागा शोधू शकतात.