प्रियसला पी०ए८० आला म्हणून एकच मॉड्यूल बदलू नका

२०१० ची प्रियस (टोयोटाची हायब्रिड गाडी), डॅशबोर्डवर लाल त्रिकोण, पी०ए८० (P0A80, म्हणजे हायब्रिड बॅटरी पॅक बिघडल्याचा) कोड, आणि गॅरेजवाला म्हणतोय की एक मॉड्यूल बदलून काम होईल. माझं स्पष्ट मत: तसं करू नका. मागच्या सीटमागच्या हायब्रिड बॅटरी पॅकमध्ये ७.२ व्होल्टची २८ मॉड्यूल, म्हणजे छोट्या बॅटऱ्या, ओळीने जोडलेली असतात, एकूण २०१.६ व्होल्ट. सगळी सारखीच म्हातारी झालेली. त्यात एक ताजं बसवलं की ते बाकीच्यांशी जुळत नाही आणि काही महिन्यांत दुसरं कुठलं तरी मरतं. मग पुन्हा सीट काढा, पुन्हा मजुरी भरा.

आधी दोष कुठे आहे ते बघा. गाडीचा बॅटरी कंट्रोलर दोन-दोन मॉड्यूलचे १४ ब्लॉक मोजतो, ते आकडे ओबीडी स्कॅनरवर (गाडीच्या तपासणी-सॉकेटला लावायचं यंत्र) दिसतात. गाडी उभी असताना एखादा ब्लॉक इतरांपेक्षा साधारण १.२ व्होल्टने कमी दिसला, तर त्यातल्या मॉड्यूलच्या आतला एक सेल मेला असं धरा. फरक कमी असेल तर बॅटरीवर लोड द्या: मोकळी जागा, हँडब्रेक, गिअर डी मध्ये, ब्रेक घट्ट दाबून काही सेकंद अॅक्सिलरेटर. कमजोर ब्लॉक लोडवर सगळ्यांच्या खाली घसरतो आणि चार्जिंगला सगळ्यांच्या वर उडी मारतो. हे दोन्ही दिसलं की शंका उरत नाही.

मागच्या सीटच्या कडेची हवेची जाळी आणि आतला पंखा तपासाच. पात्यांवर धूळ आणि केसांचा नमदा बसलेला असतो. पॅक मरतो तो बहुतेक उष्णतेने, त्यामुळे पंखा तसाच ठेवून नवीन पॅक टाकणं म्हणजे पैसे वाया.

उघडताना आधी १२ व्होल्टच्या बॅटरीची निगेटिव्ह काढा, मग पॅकची साखळी तोडणारा नारिंगी सर्व्हिस प्लग ओढून स्वतःच्या खिशात ठेवा आणि १० मिनिटं थांबा. १००० व्होल्टचे रबरी हातमोजे हवेतच. घालण्यापूर्वी मनगटाकडून गुंडाळत हवा कोंडा. बोटं फुगून तशीच राहिली पाहिजेत. प्लग काढला तरी मॉड्यूलच्या साखळीतला विद्युतदाब जात नाही, हे विसरू नका.

मॉड्यूल जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या हिरव्या-काळ्या पडल्या असतील तर व्हिनेगरमध्ये बुडवून, घासून, पूर्ण वाळवून बसवा. नट ५.४ न्यूटन-मीटरला, टॉर्क पान्यानेच. अंदाजाने आवळलं की आटे जातात. मॉड्यूल आलटूनपालटून उलटसुलट बसतात, म्हणून काढण्यापूर्वी फोटो घ्या. एक उलटं बसलं तर पट्टी लावताच शॉर्ट.

पूर्ण नवीन पॅक परवडत नसेल, तर एकाच क्षमतेची तपासून जुळवलेली २८ मॉड्यूल घ्या आणि प्रत्येकाची मोजलेली क्षमता लेखी मागा. नव्याची क्षमता ६.५ अँपिअर-तास असते. फुगलेलं किंवा टोकाला पांढरी पूड जमलेलं मॉड्यूल परत करा. ती पूड अल्कलीची असते, हात लावू नका.

शेवटी प्लग बसवताना दांडा वळवून पुढे सरकवायचाही असतो. ती सरकवणी राहिली तर नवा पॅक असूनही डॅशबोर्डवर 'रेडी' (गाडी चालायला तयार) येत नाही. तसं झालं तर बाकी काही उघडण्याआधी तो दांडा बघा.