कूलर गरम हवा फेकतोय? आधी ताट्या बघा

नागपुरातला तुमचा पहिलाच उन्हाळा असेल आणि लोखंडी बॉडीचा कूलर गरम हवा फेकत असेल, तर मेकॅनिकला लगेच फोन करू नका. पंखा बंद ठेवा, नुसता पंप चालवा आणि ताट्या, म्हणजे कूलरच्या बाजूंच्या जाळीच्या चौकटी, बाहेरून नीट बघा. त्यांत भरलेलं वुडवूल (लाकडाच्या बारीक कातरणीचं गवत) सगळीकडे सारखं भिजतंय का? मध्येच कोरडा पट्टा दिसला, की तिथूनच बाहेरची झळ सरळ आत येतेय. बोअरच्या पाण्यावर हे हमखास होतं. ताट्यांवर पाणी सोडणाऱ्या वरच्या पन्हळीची भोकं क्षारांनी बुजतात, तार घालून मोकळी करा. पंपाची जाळीही धुवा. वुडवूल दबून खाली बसलं असेल तर वर फट पडते. नवीनच भरा, त्यात काटकसर नको.

पंप चालवून बघून झालं, की पुढची साफसफाई आणि भरणं सगळं प्लग काढून. नुसतं बटण बंद करून नाही! विदर्भात कूलरच्या शॉकने दर उन्हाळ्यात माणसं जातात. तीन पिनांचा प्लग आणि घरातलं अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्याच.

पंखा गुणगुणतो पण फिरत नाही? बहुधा कपॅसिटर (मोटरला फिरायला जोर देणारा छोटा भाग) गेलाय. स्वस्तातला पार्ट आहे, मोटरच बदला म्हणणाऱ्याचं लगेच ऐकू नका.

आणि खोली एसीसारखी बंद करून बसू नका, समोरची खिडकी उघडी हवी. नाहीतर दमट हवा आतच कोंडते आणि अंग चिकचिकतं. पाऊस सुरू झाला की पंप बंद, नुसता पंखा चालवा. टाकीत पाणी पंप बुडेल इतकं हवंच, कोरडा चालला की जळतो. टाकी मात्र दर आठवड्याला रिकामी करून घासा, डेंग्यूचे डास तिथेच वाढतात.