मावशींना विचारा : केक कुणाच्या हातून?

मागच्या अंकात आमच्या अंबाजोगाईच्या केकगटाविषयी चार ओळी लिहिल्या होत्या. ज्या घरी लेकराच्या वाढदिवसाला केक आणायची ऐपत नाही, त्या घरासाठी आम्ही बायका आळीपाळीने केक भाजतो, एवढीच ती गोष्ट. पत्रं मात्र बरीच आली. रेसिपी मागणारी जास्त, भांडणारी थोडी.

जालन्याहून एक वाचक : आम्ही भिशीतल्या मैत्रिणी मिळून बांधकाम मजुरांच्या वस्तीत केक घेऊन गेलो. मुलगा सहा वर्षांचा. आम्ही टाळ्या वाजवल्या, गाणं म्हटलं, पण तो आईच्या पदरामागे लपला. शेवटी केक आम्हीच कापला. आमचं काय चुकलं?

ताई, इतक्या अनोळखी बायका, त्यातल्या निम्म्यांचे मोबाईल उगारलेले, आणि मधे एकटं लेकरू. मी असते तरी लपले असते. वाढदिवस त्याचा, घर त्याच्या आईचं, आणि यजमान झालात तुम्ही! ती बिचारी स्वतःच्या दारात पाहुणीसारखी उभी.

आमच्या गटात एकच नियम कडक आहे. केक भाजणारी त्या घरी जात नाही. केक आदल्या संध्याकाळी अंगणवाडीताईंकडे किंवा शाळेतल्या बाईंकडे जातो, तिथून आई घेऊन जाते. लेकरापुढे तो ठेवते आई. तो कुणी भाजला हे त्याला कळायची काही गरज नाही. आईने 'मीच आणला' म्हटलं तर तेच खरं. ही शक्कल काही आमची नव्हे. अमेरिकेत कॅलिफोर्नियात 'केक४किड्स' नावाची संस्था २०१० पासून हेच करते. तिथले स्वयंसेवकही केक मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थांकडे पोचवतात, मुलाच्या दारात जात नाहीत.

ताईंकडून आधी चार गोष्टी विचारून घ्या : नाव कसं लिहायचं, लेकराला काय आवडतं (बैल, ट्रॅक्टर, बाहुली, काहीही असेल), घरात अंडं चालतं का, आणि खाणारी तोंडं किती. शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. बेकरीतला अर्धा किलोचा गोल केक वस्तीवर नेला तर आईची पंचाईत होते, कारण दाराशी वीस पोरं उभी असतात. आम्ही मोठ्या चौकोनी ट्रेमध्ये पातळ केक करतो. वड्या पाडल्या की सगळ्यांना पुरतो. सोबत मेणबत्ती, काडेपेटी आणि कापायला लाकडी सुरी द्या. अंगणवाडीताईंवर मात्र जास्त भार टाकू नका. पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवरच्या नोंदींनीच त्या बेजार असतात. त्यांच्यापर्यंतची ने-आण आपण करायची.

आणि फोटो नको. स्टेटसला तर नकोच. बालगृहातल्या मुलांसाठी करणार असाल तर त्यांची ओळख उघड करायला बालन्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ नेच मनाई आहे. वस्तीतल्या लेकराला तोच मान द्यायला वेगळा कायदा कशाला हवा?

परभणीहून एक वाचक : जिथे पोटाला भाकर नाही तिथे केक कसला? त्याच पैशात डाळ द्या, वह्या द्या. ही शहरी थेरं गावात कशाला?

दादा, वह्या जरूर द्या, मी अडवलेलं नाही. अन्नसुरक्षा कायद्याचं पाच किलो धान्य माणशी घरात येतं. तेवढ्यात भागत नाही हे मलाही दिसतं. पण लेकराला शाळेत वर्गातल्या दुसऱ्याचा केक दिसतो, तेव्हा ते आईजवळ डाळीचा हट्ट धरत नाही. शहरी थेरं म्हणाल, तर आता तालुक्याच्या प्रत्येक चौकात केकचं दुकान आहे, आणि ऊसतोडीच्या फडावरचं पोरगंसुद्धा मोबाईलवर केक कापणं बघतं.

तुमच्या बोलण्यातलं एक मात्र मान्य. काही आया स्पष्ट सांगतात, केक नको, पुरणपोळीचं सामान द्या, आम्ही औक्षण करतो. मग आम्ही हरभऱ्याची डाळ आणि गूळ देतो.

धाराशिव जिल्ह्यातले एक शिक्षक : हजेरीपटावर अजून काही मुलांची जन्मतारीख १ जून आहे. त्या दिवशी शाळाच बंद. शिवाय ऊसतोडीला जाणाऱ्यांची मुलं दिवाळीनंतर गावात नसतात. केक द्यायचा कधी?

गुरुजी, ही एक जूनची मंडळी आपल्या दोघांच्याही घरात निघतील! दाखला नसला की गुरुजींनी शाळा उघडायच्या बेताची तारीख टाकायची, ही जुनी रीत. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेशासाठी जन्मदाखलाच लागणार, तेव्हा ती हळूहळू संपेल.

तोवर हजेरीपट बाजूला ठेवून आईला विचारा. तिला आकडा सांगता येणार नाही, पण 'पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी', 'कोपीवर (ऊसतोडीच्या झोपडीत) झाला, पट्टा पडायच्या (कारखान्याचा हंगाम संपायच्या) आधी' असं बरोबर सांगेल. पोळा म्हणजे श्रावणी अमावास्या, त्या सालचं पंचांग काढलं की तारीख सापडते. कोपीवरच्या जन्माची नेमकी तारीख निघत नाही. मग आईलाच एक दिवस निवडू द्या.

फडावर जाणाऱ्यांचं म्हणाल, तर कोयता, म्हणजे ऊसतोडीची जोडी, निघायच्या आधी, दसरा-दिवाळीच्या मधे केक करून टाका. लेकरू मागे हंगामी वसतिगृहात राहत असेल तर मात्र त्याच्या खऱ्या दिवशीच पोचवा. आई-बाप कोल्हापूर-सांगलीकडे, नाहीतर कर्नाटकात, आणि हे एकटं इकडे. त्या केकवर नाव मोठं लिहा. तिथे आईच्या हातून देता येत नाही, म्हणून आईला फोन लावून मगच कापायला सांगा.

लातूरहून एक वाचक : ओव्हन नाही, दिवसा लाईट जाते, आणि एप्रिल-मेमध्ये क्रीम पाण्यासारखं वाहतं. काय करू?

क्रीमचा नाद सोडा. बेचाळीस अंशांत ते टिकणार नाही, आणि वस्तीत फ्रीज कुठला? जालन्याची मोसंबी घ्या, भौगोलिक मानांकन मिळालेलं आपलं फळ आहे. दीड वाटी मैदा, एक वाटी पिठीसाखर, पाऊण वाटी घट्ट दही, पाव वाटी मोसंबीचा रस, अर्धी वाटी तेल, सव्वा लहान चमचा बेकिंग पावडर, अर्धा लहान चमचा खायचा सोडा. मोसंबीच्या सालीचा फक्त वरचा रंगीत भाग किसून घाला. आतला पांढरा भाग आला की कडू झालंच समजा. रसही ऐन वेळी काढा, काढून ठेवला तर कडवट होतो. मेमध्ये मोसंबी महाग पडते. तेव्हा दही आणि मोसंबीचा रस दोन्ही वगळून एक वाटी केशर आंब्याचा घट्ट रस घाला.

कुकरची रिंग आणि शिट्टी काढा, पाणी घालू नका. तळाला जाड मीठ पसरून वर स्टँड, दहा मिनिटं तापवा. मग केकचं भांडं आत ठेवून मंद आचेवर पाऊण तास. सुरी टोचून कोरडी निघाली की झाला. यासाठी एखादा जुना कुकर वेगळा ठेवा, कोरडा तापवून रोजचा बिघडवू नका. तो नसेल तर जाड बुडाचं पातेलं आणि वर घट्ट झाकण. वड्यांचा मोठा केक कुकरात मावत नाही, त्याला दोन भांड्यांत दोन केक करून शेजारी जोडा.

वरून पिठीसाखरेत मोसंबीच्या रसाचे थेंब टाकून केलेलं दाट आयसिंग. ते वाळून कडक होतं, उन्हात वितळत नाही. त्यात रंग कालवून कोनातून नाव लिहायचं. गल्लीत मेंदी काढणारी एखादी पोरगी असतेच, तिला बोलवा. तिचा हात आपल्यापेक्षा सरळ चालतो.

सेलूहून दोन छोटे प्रश्न : फुकट द्यायला परवाना लागतो का? आणि केक खोक्यात द्यावा की डब्यात?

२००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्यात (हा रेशनच्या कायद्याहून वेगळा) अन्नव्यवसायाची व्याख्या 'नफ्यासाठी असो वा नसो' अशी आहे. तेव्हा नियमित करणार असाल तर अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात विचारून लहान व्यावसायिकांची नोंदणी करून घ्या. केकसोबत चिठ्ठी ठेवा : कधी भाजला, आत काय काय आहे. दाण्याचा कूट घातला असेल तर ठळक लिहा, काही लेकरांना शेंगदाणा सोसत नाही.

डब्याचं म्हणाल, तर पुष्कळ जणी खोकं सोयीचं म्हणतात, परत घ्यायची कटकट नाही. मी स्टीलचा डबाच देते. तो ताईंकडे परत येतो, आणि रिकामा डबा परत करायची आपल्याकडे पद्धत नाही. कधी मूठभर शेंगा असतात, कधी बोरं. ती घ्यायची, 'कशाला एवढं' म्हणायचं नाही.