‘धर्मादा’ म्हणजे सीएसआर का?

पारोळ्याकडून आलेला प्रश्न थोडक्यात असा: “आमची जुनी आडत आहे. पणजोबांच्या काळातल्या खतावणीत हमाली, तोलाई यांच्या शेजारी ‘धर्मादा’ आणि ‘कडता’ असे शब्द सापडले. काका आजही खरेदीदाराच्या बिलात धर्मादा लावतात. भावाने जळगावला डाळमिल काढली, ती प्रायव्हेट लिमिटेड. दोघांनी मिळून गावच्या शाळेला पाण्याचा फिल्टर बसवून दिला. निम्मे पैसे धर्माद्याचे, निम्मे कंपनीचे. आता फलकावर काय लिहावे यावरून घरात वाद आहे. भाऊ म्हणतो ‘सामाजिक दायित्व निधीतून’, काका म्हणतात ‘धर्मादाय’ लिहा, अर्थ एकच. खरेच एकच का? धर्मादा बरोबर की धर्मादाय? आणि कडता काय असतो?”

भावाचे ‘सामाजिक दायित्व’ म्हणजे सीएसआर, कंपन्यांवर कायद्याने घातलेला समाजकार्याचा खर्च. त्याचा आणि धर्मादायचा अर्थ एकच नाही, आणि वाद फिल्टरच्या निमित्ताने निघाला असला तरी तो मुळात पैसा कोणाचा याचा आहे. आधी रूपाचे बघू, ते लवकर आटोपते.

धर्मादाय हे संस्कृत वळणाचे रूप. धर्म + आदाय असा विग्रह केला की ‘र्मा’तला दीर्घ आपोआप सुटतो. आ-दा म्हणजे घेणे. धर्मासाठी घेतलेले ते धर्मादाय. बोलताना शेवटचा ‘य’ गळाला आणि बाजारात धर्मादा राहिला. तो इतका मराठी झाला की कायदा-कायद्याचा तसा धर्मादा-धर्माद्याचा असा चालतो. ‘धर्मादाचे पैसे’ असे हल्ली लिहिलेले दिसते, पण पेढीवरचा माणूस धर्माद्याचेच म्हणेल. दोन्ही रूपे शुद्ध आहेत, फक्त त्यांनी कामे वाटून घेतली आहेत. सरकारी मराठीत धर्मादाय हे विशेषणासारखे वापरतात: धर्मादाय आयुक्त, धर्मादाय रुग्णालय, धर्मादाय संस्था. धर्मादा मात्र नाम आहे, आणि त्याचा अर्थ अगदी नेमका आहे: व्यवहाराच्या वेळी किमतीवर वेगळी आकारलेली, धर्मकार्यासाठी राखून ठेवायची रक्कम. पांजरापोळ, पाणपोई, धर्मशाळा, गावजेवण ही तिची नेहमीची ठिकाणे. तेव्हा काकांच्या बिलात असतो तो धर्मादा. ‘धर्मादाय’ असे लिहिले तर चूक नाही, पण बिलाच्या ओळीत ते जरा परीटघडीचे दिसते.

आता मुख्य गोष्ट. धर्मादा देतो कोण? खरेदीदार, किंवा जुन्या पट्ट्यांत (माल विकल्यावर शेतकऱ्याला मिळणाऱ्या हिशेबाच्या चिठ्ठ्यांत) शेतकरी. पेढी फक्त गोळा करते. पेढीच्या नफ्याशी त्याचा संबंध नाही, आणि हे केवळ जुन्या लोकांचे सज्जनपण नव्हे, कायदाही तेच म्हणतो. 1950 च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमात (आता नाव महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम) कलम 54 धर्माद्यासाठीच आहे. धंद्याच्या रूढीने किंवा करारातल्या अटीने, कोणत्याही नावाने, धर्मकार्यासाठी म्हणून जी रक्कम आकारली जाते ती आकारणाऱ्याकडे विश्वस्त म्हणून राहते, असे ते कलम सांगते. हिशेबाचे वर्ष संपल्यापासून तीन महिन्यांच्या आत तिचा जमाखर्च उप किंवा सहायक धर्मादाय आयुक्तांकडे द्यायचा. 31 मार्चला वही बंद करणाऱ्याने 30 जूनपर्यंत. त्या हिशेबाची चौकशी करण्याचा आणि रकमेचा विनियोग कसा व्हावा हे सांगण्याचा अधिकार त्या अधिकाऱ्याला आहे.

त्यातले ‘कोणत्याही नावाने’ हे शब्द शब्दचर्चेच्या दृष्टीने मोलाचे आहेत. व्यापारी ‘गोशाळा’ लिहील, ‘देवस्थान’ लिहील, ‘ध.’ एवढेच लिहून मोकळा होईल. कायद्याच्या लेखी तो धर्मादाच. नाव बदलून जबाबदारी बदलत नाही, हे मसुदा करणाऱ्याने आधीच ओळखले होते.

न्यायालयांनीही हाच धागा धरला. बिजली कॉटन मिल्स या हाथरसच्या गिरणीने ग्राहकांकडून घेतलेला धर्मादा तिचे उत्पन्न धरायचा की नाही, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा निकाल लागला की धरायचा नाही. उत्पादन शुल्क लावताना मालाच्या किमतीत धर्मादा मिळवायचा का, हा वाद पुढे आपल्या नाशिक आयुक्तालयातून वर गेला. 2019 मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले की मिळवायचा नाही, कारण तो मालाचा मोबदलाच नव्हे. विक्रेत्याकडे ती ठेव आहे. अहिराणीत ‘धरमना पैसा’ म्हणताना जे मनात असते तेच हे, फक्त कोर्टाच्या भाषेत.

यातून वहीचे काम कसे करायचे तेही निघते. बिलात धर्माद्याची ओळ वेगळी हवी, मालाच्या किमतीत मुरवलेली नको. खतावणीत त्याचे स्वतंत्र खाते. रक्कम आली की त्या खात्याला जमा, धर्मकार्याला गेली की नावे. विक्री खात्याला ती लागता कामा नये. वर्षअखेरीस शिल्लक उरली तर ती देणे म्हणून पुढे ओढायची, नफ्यात नाही. गडबड होते ती बहुधा दोन ठिकाणी. एक, धर्मादा ‘किरकोळ जमा’त टाकला जातो आणि दोन-तीन वर्षांनी त्यातला कुठला पैसा धर्माचा हे मुनीमजींनाही सांगता येत नाही. दुसरे, पैसा धंद्यात फिरतो. सीझनला हात आखडला की हाच गल्ला जवळचा वाटतो. परत भरायची दानत असली तरी विश्वस्ताचा पैसा स्वतःच्या मालात गुंतवणे हाच दोष आहे, तो परत भरल्याने धुतला जात नाही.

आता भावाचा शब्द. सीएसआर म्हणजे कंपनी कायदा 2013, कलम 135, अंमल 1 एप्रिल 2014 पासून. आधीच्या आर्थिक वर्षात नक्त मूल्य (नेट वर्थ) 500 कोटी, किंवा उलाढाल 1000 कोटी, किंवा निव्वळ नफा 5 कोटी, यांतली एक जरी मर्यादा गाठली की कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान 2 टक्के खर्च करावा लागतो. उदाहरणादाखल, नफा 4, 5 आणि 6 कोटी असेल तर सरासरी 5 कोटी, म्हणजे 10 लाख. खर्च त्या कायद्याच्या अनुसूची सातमध्ये यादी दिलेल्या कामांवर. पिण्याचे शुद्ध पाणी आणि शिक्षण दोन्ही त्यात आहेत. कंपनी जिथे काम करते त्या परिसराला प्राधान्य द्यावे असेही कायद्यात आहे. फक्त आपल्याच कामगारांच्या सोयीचा खर्च किंवा राजकीय पक्षाला दिलेली देणगी यात चालत नाही.

‘कंपनी’ हा शब्द इथे कळीचा आहे. आडतीची पेढी एकट्याच्या मालकीची किंवा भागीदारीची असते, तिला कलम 135 लागूच होत नाही, उलाढाल कितीही असो. आणि मिल प्रायव्हेट लिमिटेड असली तरी वरच्या तीनपैकी एकही मर्यादा ओलांडली नसेल, तर तिने दिलेला पैसा ही देणगी झाली. चांगलीच गोष्ट आहे, पण तिला सीएसआर म्हणू नये. माणसाने स्वतःच्या खिशातून दिले तर तेही नाही. अमळनेरला 1945 मध्ये वनस्पती तेलाचा कारखाना म्हणून सुरू झालेल्या विप्रोचे अझीम प्रेमजी यांनी आपले समभाग धर्मादाय कामाला दिले, ते त्यांचे दान. विप्रो कंपनी कलम 135 खाली खर्च करते ते दायित्व. बातम्यांत दोन्हींची सरमिसळ सर्रास होते.

मराठीत सीएसआरला ‘सामाजिक बांधिलकी’, ‘सामाजिक दायित्व’, ‘सामाजिक उत्तरदायित्व’ हे तिन्ही शब्द चालतात. माझे मत दायित्वाच्या बाजूने आहे. बांधिलकी माणूस आपण होऊन मानतो. सुरुवातीला कायदाही तसाच मवाळ होता: खर्च झाला नाही तर संचालकांच्या अहवालात कारण लिहा, एवढेच. 22 जानेवारी 2021 पासून ते संपले. चालू प्रकल्पाचा न खर्चलेला पैसा वर्ष संपल्यापासून 30 दिवसांत वेगळ्या बँक खात्यात टाकायचा. प्रकल्प नसेल तर सहा महिन्यांत अनुसूची सातमधल्या निधीत भरायचा. चुकवले तर कंपनीला त्या रकमेच्या दुप्पट किंवा 1 कोटी, जे कमी असेल तेवढा दंड. ताळेबंदाच्या भाषेत ‘मत्ता व दायित्वे’ म्हणतात, त्यातल्या दायित्वासारखेच हे झाले. वार्षिक अहवालात ‘बांधिलकी’ लिहिले की ऐच्छिक उदारपणाचा भास होतो, आणि अहवाल लिहिणाऱ्याला तो हवाच असतो.

जाता जाता: धर्मादाय रुग्णालयांवरही 2 टक्क्यांचेच बंधन आहे, पण ते नफ्याच्या नव्हे, एकूण बिलांच्या 2 टक्के. ते निर्धन रुग्णांच्या निधीत जातात. शिवाय 10 टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत. टक्का तोच, पण कशाचा टक्का यावर सगळे.

राहिला कडता. खरे तर वहीच्या त्या पानावर सगळ्यात बोलका शब्द हाच. कुठे कडता, कुठे कट्टी. अर्थ एक, वजनातून धरलेली सूट. तोललेल्या वजनातून क्विंटलमागे किलो, दोन किलो वजा करून उरलेल्याचे पैसे द्यायचे. कारणे विचारली तर बारदान (गोणीचे वजन), ओल, माती, काडीकचरा, घट अशी मिळतात. यातले प्रत्येक कारण खरे असू शकते आणि प्रत्येक मोजता येते. 50 किलोच्या तागाच्या रिकाम्या गोणीचे वजन साधारण 600 ग्रॅम भरते. गोणीमागे किलो धरला तर 400 ग्रॅम माल शेतकऱ्याचा गेला. कापसाच्या ओलीचे बघा. हमीभावाच्या खरेदीत 8 टक्के आर्द्रता प्रमाण धरतात आणि 12 टक्क्यांपर्यंत माल घेतात. 8 च्या वरच्या प्रत्येक टक्क्याला भावात एक टक्का कपात. यंत्र कापसात खुपसले, 10 आकडा आला, 2 टक्के कमी. याला कोणी कडता म्हणत नाही, आर्द्रतेची कपात म्हणतात, कारण तिला आकडा आहे आणि तो शेतकऱ्याला दिसतो.

कडता म्हणतात तो न मोजता धरलेल्या सुटीला. माल कोरडा असो की ओला, गोणीत असो की ट्रॉलीत सुटा, आकडा तोच. सुट्या कापसाला बारदान कुठले? तरी कट्टी धरलीच जाते. 25 क्विंटल कापूस, क्विंटलला एक किलो कडता, 7000 रुपये भाव धरला तर 1750 रुपये झाले. शिवाय गाडी जिनिंगला गेल्यावर ‘वांधा’ निघतो: वरचा माल बरा, खालचा हलका, भाव पाडा. माल उतरवून झालेला, भाडे थांबलेले, शेतकरी काय बोलणार? बाजार समित्यांच्या 1963 च्या कायद्यात ठरवून दिलेल्या खर्चाखेरीज पट्टीतून काही कापायला जागा नाही. कापूस बाजारातल्या असल्या प्रथांना आळा घालायला मुंबई इलाख्यात 1927 पासूनच कायदा होता. शब्द मात्र टिकला, कारण ‘कडता’ म्हटले की ती रीत वाटते; ‘वजन कमी धरले’ म्हटले की भांडण होते.

आणि याच पानावर धर्मादा आहे, हे विसरू नका. एकाच पट्टीत वर कडता आणि खाली धर्मादा दिसला, तर धर्म कोणाच्या पैशाने झाला हे बेरीज-वजाबाकीच सांगते. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र, ही म्हण अशाच वेळी आठवते. तुमच्या पणजोबांबद्दल हे मुळीच म्हणायचे नाही. कडता बारदानापुरताच होता का, हे त्याच खतावणीत तपासता येईल. गोण्यांची संख्या लिहिलेली असते. कडत्याचे एकूण वजन गोण्यांनी भागा. भागाकार रिकाम्या गोणीच्या वजनाच्या आसपास आला तर तो बारदानाचाच. दीड-दोन किलो आला, तर नाही.

आता फलक. कंपनीने एकही मर्यादा गाठली नसेल तर ‘सामाजिक दायित्व निधी’ लिहू नका. गाठली असेल, तरी धर्माद्याची निम्मी रक्कम कंपनीच्या सीएसआर हिशेबात दाखवता येणार नाही; तो खर्च कंपनीने केलेलाच नाही. काका म्हणतात तसे नुसते ‘धर्मादाय’ लिहिले, तर कंपनीने स्वतःच्या नफ्यातून दिलेले निम्मे दिसेनासे होतात, आणि धर्मादा देणारेही. मी असे लिहीन: “पिण्याच्या पाण्याचा हा फिल्टर पेढीच्या खरेदीदारांनी दिलेल्या धर्माद्यातून व डाळमिलच्या देणगीतून बसवला.” खाली पेढीचे व मिलचे नाव आणि वर्ष. आणि त्या निम्म्या रकमेची पावती 30 जूनच्या आधी धर्माद्याच्या हिशेबाला जोडायला काकांना सांगा.