‘क्लॉक सिंक’ : घड्याळ नव्हे, ठोका

प्रश्न असा आहे : छोटी सिंथेसायझर आणि ड्रम मशीन वायरीने जोडून एकत्र वाजवण्याविषयी मराठीत टिपण लिहायचे असेल, तर ‘क्लॉक सिंक’साठी, म्हणजे सगळी यंत्रे एकाच लयीत चालवण्याच्या सोयीसाठी, ‘घड्याळाचे समक्रमण’ असे लिहावे का?

माझ्या मते दोन्ही शब्द टाळावेत. त्यातही ‘घड्याळ’ अधिक कटाक्षाने, कारण त्याने यंत्राच्या कामाविषयी चुकीची समजूत होते. या वायरीतून किती वाजले हे कधीच जात नाही. जातात ते विजेचे आखूड स्पंद, ठरावीक अंतराने, एकामागून एक. मिडी या, वाद्ययंत्रांनी एकमेकांना संदेश पाठवण्याच्या पद्धतीतल्या क्लॉकमध्ये तर लयीचा आकडासुद्धा पाठवला जात नाही. घेणारे यंत्र दोन स्पंदांमधले अंतर पाहून लय स्वतःच ओळखते. ‘घड्याळ’ या शब्दाचे नाते घटिकेशी, म्हणजे 24 मिनिटांच्या कालमापाशी आहे, त्यामुळे त्यात मोजलेल्या वेळेचा अर्थ मुरलेला आहे. इंग्रजी ‘क्लॉक’चे मूळ मात्र घंटेच्या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे, आणि जर्मन भाषेत ‘ग्लॉके’ म्हणजे आजही घंटाच. आपल्याकडे त्याच्या जवळचा शब्द ‘तास’ होय; तास म्हणजे ठोकून वाजवण्याची धातूची थाळी, आणि तिच्यावर पडणाऱ्या टोलांवरून तो शब्द कालमापाला लागला. वायरीतल्या क्लॉकमध्ये वेळ सांगणारा अर्थ गळून केवळ आघाताचा उरला आहे, म्हणून तिथे ‘ठोका’ हा शब्द मला नेमका वाटतो. हृदयाचा ठोका, दहाच्या ठोक्याला येणे, ठोका चुकणे हे सारे प्रयोग आपल्या तोंडी आहेतच. ‘यंत्राचा एक ठोका चुकला’ हे वाक्य कोणालाही समजावून सांगावे लागणार नाही.

एक काळजी मात्र घ्यावी लागेल. ठोका म्हणजे मात्रा नव्हे. पाश्चात्त्य लेखनातली क्वार्टर नोट म्हणजे एक मात्रा असे धरले, तर 1983 मध्ये आलेल्या मिडी पद्धतीत मात्रेमागे 24 ठोके पडतात. मिनिटाला 120 मात्रांच्या लयीत एक मात्रा 500 मिलिसेकंदांची, म्हणून दोन ठोक्यांमधले अंतर सुमारे 20.8 मिलिसेकंद. कॉर्गची व्होल्का किंवा टीनेज इंजिनिअरिंगची पॉकेट ऑपरेटर ही छोटी यंत्रे 3.5 मिलिमीटरच्या जॅकमधून सामान्यतः मात्रेमागे 2 ठोके देतात, म्हणजे त्याच लयीत अंतर 250 मिलिसेकंद होते. मिडीच्या आधीच्या डिन सिंक या ठोके पाठवण्याच्या जोडणीतही मात्रेमागे रोलँड कंपनीचे 24 आणि कॉर्गचे 48 ठोके असा फरक होता, त्यामुळे 24 देणाऱ्यामागे 48 मागणारे यंत्र लावले की ते निम्म्या लयीत चाले. टिपणात ‘मात्रेमागे ठोके’ असा शब्दप्रयोग ठेवला, तर हा सगळा हिशेब सरळ वाचता येतो. दोन्हींना ‘बीट’ म्हटले, तर वाचक नेमका इथेच अडखळतो.

आता ‘सिंक’. ‘समक्रमण’, ‘समकालन’, ‘तुल्यकालन’ हे शब्द बरोबरीचे नाते सुचवतात, जणू दोन्ही यंत्रे आपापल्या परीने एकमेकांकडे सरकत आहेत. प्रत्यक्षात एक यंत्र ठोके देते आणि बाकीची ते घेतात. घेणाऱ्याच्या लयीचा देणाऱ्यावर काहीही परिणाम होत नाही. ‘जुळवणे’ हे क्रियापद अनेकांना प्रथम सुचते, मलाही सुचले होते, पण तेही पुरेसे नाही. सूर एकदा जुळवला की वादकाने हात काढला तरी काही काळ तो टिकतो. इथे ठोके सतत येत राहावे लागतात, आणि वायर निघाली की घेणारे यंत्र थांबते किंवा स्वतःच्या लयीने भरकटू लागते. संगीतात यासाठी आधीपासूनच चपखल जोडी आहे : लय देणे आणि लय धरणे. ‘हे यंत्र लय देईल, दुसरे धरेल’ या वाक्यात कोण पुढे आणि कोण मागे हे क्रियापदांतूनच कळते, आणि मालक-गुलाम (इंग्रजीतली ‘मास्टर-स्लेव्ह’) ही अप्रिय जोडी वापरावी लागत नाही.

तरीही ‘लय धरणे’ म्हणजे ‘सिंक’ असे समीकरण मी मांडणार नाही, कारण ‘सिंक’ या एका शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी दडलेल्या आहेत. दोन यंत्रांची लय तंतोतंत एक असूनही एकाची सम दुसऱ्याच्या तिसऱ्या मात्रेवर पडू शकते, कारण ठोका गती सांगतो, आवर्तनातली जागा सांगत नाही. म्हणूनच मिडीमध्ये सुरू, पुढे चालू आणि थांबा असे तीन वेगळे संदेश ठेवलेले आहेत, आणि रचनेतली जागा कळवणारा आणखी एक संदेश आहे, जो जागा सहा-सहा ठोक्यांच्या, म्हणजे पाव मात्रेच्या, टप्प्यांनी मोजतो. नुसत्या ठोक्यांच्या वायरीत असे काही नसते; तिथे घेणारे यंत्र आधी तयार ठेवून देणारे नंतर सुरू करावे लागते, म्हणजे पहिला ठोका दोघांच्या समेवर येतो. ही अडचण सांगताना ‘सिंक होत नाही’ असे लिहिले, तर ऐकणाऱ्याला दोष कुठे शोधावा ते कळत नाही. ‘लय धरली आहे, पण सम चुकते आहे’ असे लिहिले, तर वायर ठीक आहे आणि सुरू करण्याचा क्रम तपासायचा आहे, हे त्या वाक्यातूनच समजते.

जोडणीच्या जागी छापलेली ‘सिंक इन’ आणि ‘सिंक आउट’ ही नावे मात्र देवनागरीत तशीच लिहावीत, कारण वाचकाला ती यंत्रावर शोधायची असतात.